मातीचे घर राखायचे कसे?

गांधीबाग म्हटले की तुम्हांला काय आठवते? कापड! घरात लग्न निघाले, दिवाळी जवळ आली, की उमरेडकडचे, काटोलकडचे, भंडाऱ्याकडचे लोक नागपूरला येतात. गांधीबागेत दुकानादुकानांतून कापडाचे तागे उलगडून पाहतात. घासाघीस होते, पिशव्या भरतात, आणि मंडळी एस. टी. गाठायला निघतात. ज्या महात्म्याच्या नावाने ही बाग ओळखली जाते, त्यांचे घर इथून फार लांब नाही. वर्ध्याजवळ सेवाग्रामला आहे. नागपूरहून सुमारे ७५ किलोमीटर. देशोदेशींचे लोक ते घर पाहायला येतात. आपल्या खेड्यातला माणूस पाहायला गेला तर तो काय म्हणतो? "अरे, हे तर आपल्या घरासारखंच घर आहे!"

आणि ते खरेच आहे. भिंती मातीच्या. छप्पर कवेलूचे. आढे, वासे, बांबू. खाली शेणाने सारवलेली जमीन. या घराला बापूकुटी म्हणतात. या धड्यात आपण ती कुटी पाहणार आहोत. नमस्कार तर करूच. पण त्याबरोबर ती गवंड्याच्या आणि सुताराच्या नजरेने पाहू. हे घर बांधले कसे? उभे कसे राहिले? कोण राखते? असे घर मोडू नये म्हणून कायदा काय करतो?

हे विचारण्याचे कारण आहे. आज गावोगाव एकच बोलणे चालू आहे. आज्याने बांधलेले मातीचे घर पाडायचे की ठेवायचे? पाडायला एक दिवस पुरतो. म्हणून पाडण्याआधी थोडे समजून घेऊ.

कुटी कोणी बांधली?

गांधीजी १९३४ साली वर्ध्याला आले. शेठ जमनालाल बजाज यांनी त्यांना आग्रहाने बोलावले होते. आधी ते वर्धा शहरात मगनवाडीत राहिले. पण गांधीजींच्या मनात होते की आपण खेड्यात राहावे. खेड्याची सेवा करायची, तर खेड्यातल्या माणसासारखे राहिले पाहिजे. म्हणून १९३६ साली, ३० एप्रिलला, ते जवळच्या एका लहान खेड्यात गेले. वैशाखातले ऊन! त्या खेड्याचे नाव तेव्हा सेगाव होते. बुलढाण्याकडे दुसरे शेगाव आहे, तिथे रेल्वे स्टेशनही आहे. त्यामुळे पत्रांचा घोटाळा होऊ लागला. म्हणून १९४० साली नाव बदलून सेवाग्राम केले.

खेड्यात साप, विंचू, हिवताप सगळे होते. स्वतः गांधीजी त्याच वर्षी हिवतापाने आजारी पडले. सापाला मारायचे नाही, असा आश्रमाचा नेम. म्हणून साप धरायला लाकडी चिमटा आणि दूर नेऊन सोडायला पिंजरा केलेला होता.

गांधीजींच्या आधीच मीराबेन त्या गावात राहायला गेल्या होत्या. त्या मूळच्या इंग्लंडच्या. त्यांचे वडील तिथल्या आरमारात मोठे अधिकारी होते. १९२५ साली त्या गांधीजींकडे आल्या आणि इथल्याच झाल्या. गावात मोठे घर बांधायचे नाही, गावात मिळेल त्या सामानाने आणि गावातल्या कारागिरांकडून बांधायचे, अशी गांधीजींची अट होती. त्याप्रमाणे पहिले घर झाले. त्याला आदी निवास म्हणतात. एकाच घरात सगळे राहात. कस्तुरबा, आश्रमातले लोक, आले-गेले पाहुणे. बाईमाणसाला आडोसा नाही. म्हणून जमनालालजींनी कस्तुरबांसाठी वेगळी लहान कुटी बांधून दिली.

ज्या घराला आज बापूकुटी म्हणतात ते आधी मीराबेनचे होते. त्यांनी ते स्वतःसाठी बांधले होते. पुढे गांधीजी तिथे राहायला गेले आणि घरात थोडी वाढ झाली. १९४६ च्या ऑगस्टमध्ये गांधीजी सेवाग्राम सोडून गेले. पुन्हा येणे झाले नाही. दहा वर्षांत या मातीच्या घरांतून देशाचा केवढा कारभार चालला! व्हॉइसरॉयशी बोलता यावे म्हणून आश्रमात टेलिफोनही बसवला होता. शेणाची जमीन आणि व्हॉइसरॉयचा टेलिफोन! आम्हांला तर याचीच जास्त गंमत वाटते.

भिंतीची माती

आता घर पाहू. आधी भिंत.

आपली जुनी माणसे गावच्या जमिनीचे दोन भाग करीत. काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेत. पांढरी म्हणजे गावठाण, माणसे राहतात ती जागा. या दोन शब्दांत घर बांधण्याची निम्मी विद्या आली आहे. काळी माती कापसाला सोन्यासारखी, पण घराला कामाची नाही. का? पावसात ती फुगते आणि उन्हात आकसते. उन्हाळ्यात शेताला भेगा पडतात, त्यात हात जातो. भिंत अशी फुगली आणि आकसली तर उभी राहील का? म्हणून भिंतीला पांढरी माती, नाहीतर मुरमाड माती घेतात. घर काळ्या जमिनीवरच बांधायचे असेल, तर पाया काळी माती ओलांडून खाली मुरमापर्यंत न्यावा लागतो. हे सिमेंटच्या घरालाही लागू आहे. वर्धा-नागपूरकडे पुष्कळ नव्या घरांना भेगा जातात, त्यात या काळ्या मातीचा हात मोठा.

माती चांगली की वाईट हे घरी पाहता येते. काचेची एक बाटली घ्या. निम्मी मातीने भरा. वर पाणी घाला, मूठभर मीठ टाका, आणि खूप हलवा. मग एक दिवस हात लावू नका. दुसऱ्या दिवशी थर दिसतील. रेती जड, ती खाली बसते. तिच्यावर बारीक पोयटा. सगळ्यांत वर चिकण माती. नुसती रेती असेल तर भिंत ढासळेल. चिकण माती फार असेल तर तडकेल. दोन्ही बेताची हवी. जुन्या गवंड्याला बाटली लागत नसे. तो माती ओली करून तिची लांब वात वळी आणि बोटावर लोंबती धरी. किती लांब गेल्यावर तुटते त्यावरून तो सांगे.

मग मातीत कुटार घालायचे, नाहीतर तणीस बारीक करून घालायची. पाणी सोडून दोन-चार दिवस मुरू द्यायची. पायांनी तुडवायची. कुटाराचे काम काय? वाळताना माती आकसते, तेव्हा ते तिला धरून ठेवते. भेग पसरू देत नाही. भिंत एकदम वर चढवायची नसते. हात-दीड हात उंचीचा थर घालायचा, तो वाळला की दुसरा. घाई केली की खालचा ओला थर वरच्या भाराने बसतो आणि भिंत पोट काढते.

अशी दीड-दोन फूट जाडीची भिंत उन्हाळ्यात काय करते ते नीट समजून घ्या. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. दुपारचे ऊन भिंतीला बाहेरून तापवते. पण माती हळू तापते. उष्णता आतल्या अंगाला पोहोचेपर्यंत रात्र होते. तोवर बाहेर गार वारा सुटलेला असतो, आणि आपण अंगणात बाजेवर पडलेलो असतो! टिनाच्या घरात दुपारी दोन वाजता बसून पाहा, म्हणजे भिंतीचे आणि छपराचे मोल कळेल.

छप्पर आणि पडवी

बापूकुटीत शिरताना उंच माणसाला मान खाली घालावी लागते. कोणी म्हणतात, नम्रता शिकवायला असे केले. असेलही. पण सुताराला विचारा. तो सांगेल, छपराची वळचण खाली आणली की पावसाचा मारा भिंतीपर्यंत येत नाही आणि दुपारचे ऊनही येत नाही. विदर्भातल्या पुष्कळ जुन्या घरांत तुम्हांला हेच दिसेल. घराभोवती पडवी असते. पडवी म्हणजे नुसती बसायची जागा नव्हे. ती भिंतीवर धरलेली छत्री आहे. बापूकुटीच्या पडवीला बांबूच्या तट्ट्यांचा आडोसा आहे. वारा आत येतो, ऊन येत नाही.

छपराचे हाड लाकडाचे आणि बांबूचे. मधे आढे. आढ्यापासून खाली उतरणारे वासे. वाशांवर आडव्या बांबूच्या कमच्या. त्यांवर कवेलू. बांबूत गोडवा असतो, त्याला कीड लागते. म्हणून बांबू हिवाळ्यात तोडायचा आणि काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवायचा. गोडवा पाण्यात उतरून जातो. मग सावलीत वाळवून वापरायचा. हे न करता ओला बांबू चढवला, तर दोन-तीन वर्षांत पीठ गळू लागते. लोक म्हणतात, बांबू टिकत नाही. बांबूने काय करावे?

हाताचे कवेलू कुंभार चाकावर करतो. आधी नळी करतो, एका तोंडाला थोडी निमुळती. मग तिचे उभे दोन भाग करून भाजतो. एक ओळ उताणी ठेवायची, तिच्या दोन कडांवर दुसरी ओळ पालथी. पाणी उताण्या ओळीतून वाहून जाते. कवेलूंच्या मधून तापलेली हवा आणि चुलीचा धूर बाहेर जातो. कवेलू फुटले तर तेवढेच काढून दुसरे ठेवता येते. सगळे छप्पर उचकटावे लागत नाही.

पण माकडांचे काय? हा प्रश्न आम्हांला गावोगाव विचारतात, आणि तो खरा आहे. माकडांचा एक कळप छपरावरून गेला की पन्नास कवेलू फुटलेच. पूर्वी कुंभार गावात होता, दर वर्षी नवे कवेलू मिळत. आता कवेलूची भट्टी शोधत फिरावे लागते. म्हणून लोकांनी टिन घातले. त्यांना नावे ठेवण्यात अर्थ नाही.

आतली मांडणी

बापूकुटी आतून लहान आहे. गांधीजींची बसायची जागा भिंतीशी, जमिनीवर. एक गादी, समोर लिहायला ठेंगणे मेज. खुर्ची नाही. मागच्या भिंतीवर मीराबेनने मातीनेच चित्रे उठवली आहेत. ताडाची झाडे, ॐ, चरखा. आपल्या बाया दिवाळीला भिंतीवर मोर आणि वेल काढतात ना, त्याच जातीचे हे काम. रंग नाही, मातीवर माती. भिंतीत वस्तू ठेवायला जागा केल्या आहेत. पाहुण्याला बसायला जागा आहे. आजारी माणसाला ठेवायला वेगळी जागा आहे. गांधीजी रोग्याची सेवा स्वतः करीत, म्हणून रोगी दूर दवाखान्यात नाही, घरातच.

न्हाणीघर आणि संडास घराला जोडूनच आहे, आणि ते स्वच्छ. १९३६-३७ सालच्या खेड्यात ही मोठी नवी गोष्ट होती. म्हणजे गांधीजींनी खेड्यातले घर जसेच्या तसे उचलले नाही. माती ठेवली, कवेलू ठेवले, पण उजेड, वारा आणि संडास नवे आणले. जुन्या घरांत खिडक्या लहान, स्वयंपाकघरात धूर, दिवसा अंधार. ते सुधारायलाच हवे होते. इव्हान इलिच नावाचे एक परदेशी विचारवंत १९७८ साली सेवाग्रामला आले होते. ते या कुटीत बराच वेळ बसले. मग कुटीवरच त्यांनी भाषण केले. घर किती मोठे असले म्हणजे माणसाला पुरे, हा त्यांच्या बोलण्याचा विषय होता. ते भाषण जगात पुष्कळ ठिकाणी वाचले गेले.

पाणी हा वैरी

मातीच्या भिंतीचा वैरी एकच. पाणी. ते वरून येते आणि खालून येते. वरून आले तर कवेलूतून गळून आढे आणि वासे कुजतात, भिंतीचा माथा विरघळतो. खालून आले तर ओल चढते, पापुद्रे निघतात, आणि भिंतीचा पाय बारीक होतो. खालच्या हातभर भिंतीची माती झडून खोबण पडलेली तुम्ही पाहिली असेल. तिथूनच घर जाते. म्हणून जोते दगडाचे आणि उंच हवे. घराभोवतीचे पाणी दूर वाहून गेले पाहिजे. वळचणीचे पाणी भिंतीच्या पायाशी उडता कामा नये.

अनेक गावांत आता सिमेंटचे रस्ते झाले. एका रस्त्यावर दुसरा थर घातला, रस्ता उंच झाला, आणि जुने घर खड्ड्यात गेले. रस्त्याचे पाणी जोत्यावर येते. घर शंभर वर्षे उभे होते ते दहा वर्षांत पडते. दोष मात्र मातीला! ग्रामसभेत हे बोलले पाहिजे. नवा थर घालण्याआधी जुना उकरून काढा आणि नाली करा, असे सांगता येते.

मातीचे घर दर वर्षी काम मागते. मिरग लागण्याआधी कवेलू फेरायचे. फुटके काढायचे, पाला-कचरा झाडायचा, सरकलेले नीट बसवायचे. पावसाळा संपला की भिंतीची झड भरून घ्यायची, पोतारा फिरवायचा. जमीन तर आठ-पंधरा दिवसांनी सारवायची. हे सगळे कोण करते? छपरावर पुरुष चढतो, वर्षातून एकदा. बाकी सारे बाईच्या हातून होते. तिला विचारा, मातीचे घर पाहिजे की फरशीचे? ती फरशीचे म्हणेल. आणि ते रास्त आहे. मातीचे घर राखायचे असेल, तर शेण-माती कालवायला आणि भिंत लिंपायला घरातल्या पुरुषांनीही हात घातला पाहिजे. नाहीतर जुन्या घराचे कौतुक करण्याचा आपल्याला हक्क नाही, असे आम्हांला वाटते.

दूर आफ्रिकेत माली नावाचा देश आहे. तिथे जेने नावाचे गाव आहे. त्या गावची मशीद सारी मातीची, आणि केवढी उंच! आजची इमारत १९०७ साली बांधलेली आहे. तिच्या भिंतींतून लाकडाचे दांडे बाहेर आलेले आहेत. वर्षातून एकदा सारे गाव जमते. तरुण त्या दांड्यांवर चढून भिंतींना माती लिंपतात, बाया पाणी आणतात, मुले माती तुडवतात, म्हातारे गवंडी खालून सांगतात. ढोल वाजतात. आपल्याकडे पोळ्याला असतो तसा थाट! १९८८ साली त्या गावाचे नाव जगाच्या वारशाच्या यादीत घातले गेले. तरी भिंत लिंपायला गावालाच जमावे लागते.

कायदा काय म्हणतो?

पुष्कळांना वाटते की कायदा फक्त किल्ल्यांना आणि लेण्यांना राखतो. तसे नाही. साधी घरेही राखली जातात. पुण्याच्या गंज पेठेतले जोतीराव फुले यांचे घर राज्य सरकारचे संरक्षित स्मारक आहे. तिथली विहीर जोतीरावांनी १८६८ साली अस्पृश्य मानलेल्या लोकांना खुली केली. रत्नागिरीला लोकमान्य टिळकांचे जन्मघर आहे. तेही संरक्षित. जांभ्या दगडाचे, उतरत्या कौलांचे कोकणी घर.

देशाचा कायदा १९५८ सालचा आहे, महाराष्ट्राचा १९६० सालचा. सरकारने एखादी वास्तू संरक्षित म्हणून जाहीर केली, की ती पाडता येत नाही, बदलता येत नाही, भिंतीवर नाव कोरता येत नाही. देशाच्या कायद्याखालच्या वास्तूची कोणी नासधूस केली, तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. २०१० साली या कायद्यात सुधारणा झाली. त्याप्रमाणे अशा वास्तूपासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही. त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी काढावी लागते. शंभर मीटरच्या आत तुमचे घर असले तर दुरुस्ती करता येते, पण तीही परवानगीने. शहरांसाठी आणखी एक सोय आहे. नागपूर शहरात वारसा-वास्तूंची यादी केलेली आहे. त्या यादीतल्या इमारतीला हात लावण्याआधी वारसा समितीला विचारावे लागते.

बापूकुटी रोजच्या रोज राखण्याचे काम सेवाग्राम आश्रम प्रतिष्ठान ही संस्था करते. इथे कायद्याचा आणि कामाचा फरक लक्षात घ्या. कायदा पाडणाऱ्याचा हात धरतो. पण गळके कवेलू कायदा बदलत नाही. संरक्षित म्हणून पाटी लागली, कुलूप घातले, आणि दोन पावसाळे कोणी छपरावर चढले नाही, तर मातीचे घर पाटीसकट खाली येईल. दगडाचा किल्ला पन्नास वर्षांचे दुर्लक्ष सोसतो. मातीचे घर सोसत नाही.

मोठेपणानेही घर टिकत नाही बरे. गांधीबागेपासून पायी जाता येईल एवढ्या अंतरावर महाल आहे. तिथे नागपूरकर भोसल्यांचा राजवाडा होता. काळ्या दगडाचा, लाकडी नक्षीचा. १८६४ साली आगीत जळला. नगारखाना तेवढा उरला.

इथे एखादा विचारी माणूस म्हणेल, "दर वर्षी नवी माती, नवे कवेलू. कधी वासाही नवा. मग बापूंचे घर राहिले कुठे?" प्रश्न चांगला आहे, आणि जुन्या वास्तू राखणारे तज्ज्ञही यावर वाद घालतात. आमचे मत असे. मातीच्या घरात माती बदलणे हा त्या घराचा स्वभावच आहे. गांधीजी राहात होते तेव्हाही दर पावसाळ्याआधी कवेलू फेरावेच लागत. जागा तीच, मांडणी तीच, उंची तीच, सामान त्याच जातीचे आणि करण्याची रीत तीच असली, तर घर तेच. याच्या उलट, उद्या कोणी म्हणाला की आतून सिमेंटच्या भिंती घालू आणि वरून मातीचा रंग देऊ, म्हणजे कायमची कटकट गेली, तर दिसायला कुटी राहील, पण घर गेले असे समजावे.

तुमचे घर असेल तर

आपल्यातल्या बहुतेकांचे घर कोणत्याही यादीत नाही. असलेच तर उलट्या यादीत असते. सरकारी पाहणीत मातीच्या भिंतीचे घर म्हणजे कच्चे घर. कच्चे घर असेल तर घरकुल मिळते. ज्याचे छप्पर गळते, भिंत झुकली आहे, त्याने घरकुल जरूर घ्यावे. पोरेबाळे पावसाळ्यात भिंतीखाली निजवू नयेत. पण ज्याचे सागवानी खांबाचे, दगडी जोत्याचे, जाड भिंतीचे घर धडधाकट आहे, त्याने नुसत्या 'कच्चे' या शब्दाने लाजून ते पाडू नये. शक्य असेल तर नवे घर बाजूच्या जागेत बांधावे.

जुन्या घरावर पैसा घालायचा ठरला, तर पुष्कळ जण पहिली एकच गोष्ट करतात. मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा. दोन वर्षे भिंत झकास दिसते. मग काय होते ऐका. मातीची भिंत ओल घेते आणि बाहेर सोडते. सिमेंट ती वाट बंद करते. वरून नाहीतर जोत्यातून आत शिरलेले पाणी आतच कोंडते. आतली माती ओली आणि मऊ होते. बाहेरून पोपडा फुगतो, आणि एक दिवस मातीचा जाड थर घेऊनच खाली येतो. मातीला मातीचाच गिलावा द्यावा. जास्त टिकाऊ हवा तर चुन्याचा द्यावा. चुना ओलीला बाहेर जाऊ देतो.

खर्च करायचा तर क्रम असा धरा. आधी छपराची गळती. मग पायाशी येणारे पाणी. हे दोन झाले की भिंत वाळू द्या, एक उन्हाळा जाऊ द्या. मगच भिंतीला हात लावा. वाळवी चढत असेल तर तिच्या मातीच्या नळ्या जोत्याजवळ दिसतात. त्या रोज पुसून काढा आणि ओल कुठून येते ते शोधा. ओल नसली की वाळवीही फार काळ राहात नाही. खांबाचे बूड कुजले असेल तर सगळा खांब टाकू नका. चांगला सुतार कुजलेला भाग कापून खाली दगड देतो, किंवा नवे लाकूड सांधतो. आणि पाडायचेच असेल, तर पाडण्याआधी घर मोजून कागदावर काढा, फोटो काढून ठेवा. सागवानी दार, चौकट, खांब मोजून, नीट लिहून विका किंवा नव्या घरात बसवा. भंगारवाल्याला सांगू नका की सगळे मिळून काय देतोस.

सेवाग्रामला जाणे झाले तर कुटीच्या पडवीत थोडे खाली बसा. भिंतीला हात लावू नका, हजारो हातांनी माती झडते. वर पाहा. आढे कुठे आहे, वासे किती आहेत, कमच्या कशाने बांधल्या आहेत, हे मोजा. आणि तिथे देखभाल करणाऱ्यांना विचारा की ते कवेलू आणतात कुठून, आणि छपरावर चढणारा माणूस कोणत्या गावचा. गावी परत आल्यावर आपल्या गावात तसा माणूस कोण उरला आहे तेही पाहा. तो म्हातारा झाला असेल, तर या मिरगाच्या आधी दोन पोरे त्याच्याबरोबर छपरावर चढवा.